विंचकमची दगडी तोंडे

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात विंचकम नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील सेंट पीटरच्या चर्चपाशी उभे राहून वर पाहिले, की छपराच्या कडेने सुमारे ४० दगडी तोंडे आपल्याकडे पाहत असतात. कोणाचे डोळे वटारलेले, कोणाचा जबडा पसरलेला, तर एकाच्या डोक्यावर भली मोठी टोपी. देवाच्या घराला ही भुतावळ कशासाठी, असे कोणालाही वाटावे.

याचे पहिले उत्तर पाऊस हे आहे. अशा आकृतीला गारगॉईल म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घसा. त्या काळी चर्चवर शिशाच्या पत्र्याचे, थोड्या उताराचे छप्पर घालीत आणि भोवती कठडा बांधीत. कठड्यामागे साचलेले पाणी भिंतीवरून ओघळले, तर चुन्याचे सांधे सुटतात आणि दगड झिजतो. म्हणून ते पन्हळीने भिंतीपासून दूर फेकायचे व पन्हळीला तोंडाचा आकार द्यायचा. आपल्या देवळांतील गोमुख याच जातीचे. तथापि विंचकमची सगळीच तोंडे पाण्यासाठी नाहीत; काही नुसतीच वाकुल्या दाखवितात.

मग ती कशासाठी? अभद्र शक्तींना भिववण्यासाठी, असे कोणी म्हणतात. पापाची ओळख पटावी म्हणून, असे दुसरे म्हणतात. खुद्द धर्मपुरुषांचेही यावर एकमत नव्हते. इ. स. ११२५ च्या सुमारास क्लेर्व्होच्या संत बर्नार्डने मठांच्या ओवऱ्यांतील अशा विचित्र आकृतींवर कडक टीका केली होती. त्यांनी भिक्षूंचे चित्त विचलित होते आणि पैसाही व्यर्थ जातो, असे त्याचे म्हणणे.

विंचकमला गावकरी आणखी एक गोष्ट सांगतात. गावात बेनेडिक्टाइन पंथाचा एक मोठा मठ होता. मर्सियाचा राजा केनुल्फ याने तो इ. स. ७९८ मध्ये स्थापिला. मठाशी गावाचे बिनसलेले होते, म्हणून गवंड्यांनी भिक्षूंची थट्टा दगडात कोरली, अशी ही दंतकथा. ती खरी मानण्याचे कारण नाही. पण तिच्यामागे एक वस्तुस्थिती आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यास हे चर्च बांधले गेले, तेव्हा वेदीकडील भाग मठाने बांधला आणि लोकांनी बसण्याचा मोठा भाग गावकऱ्यांनी, स्यूडलीचा सरदार राल्फ बटलर याच्या साहाय्याने उभारला. एकाच वास्तूत दोन मालकांचा पैसा होता.

पुढे काय झाले पाहा. बटलरला १४६९ मध्ये आपला किल्ला राजा चौथ्या एडवर्डच्या हवाली करावा लागला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ बरखास्त झाला आणि त्याची इमारत पाडली गेली. आज जमिनीवर तिची जवळजवळ काहीच खूण नाही. शेजारचे चर्च मात्र वाचले, कारण ते गावाच्या नित्य उपासनेचे होते. मठाच्या जोडीने ते उभे राहिले, तरी मठाबरोबर पडले नाही. आणि त्याच्यासह ती तोंडेही राहिली.

ती घडविणारे हात कोणाचे, हे कोणी लिहून ठेवले नाही. परंतु वास्तूच बरेच काही सांगते. जुनी इमारत पाहताना आपणही दोन साधे प्रश्न विचारावेत: हिच्यावरचे पाणी कोठे जाते, आणि हिला पैसा कोणी दिला? राजांच्या वंशावळीत न सापडणारा इतिहास पुष्कळदा तेथे सापडतो.