बंदोबस्त कोणाचा?



इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमावरचे भामरागड नकाशाच्या अगदी कडेला आहे. तथापि बलिष्ठ सत्ता दुबळ्या मुलखाचा बंदोबस्त कसा करीत आल्या, हे पाहण्यास याहून चांगली जागा नाही.

हा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. इंग्रजांचे धोरण सरळ होते : बंड मोडावे, जंगल ताब्यात घ्यावे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना चांद्यास फाशी झाली. पुढे १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी रानावरच्या पिढीजात हक्काची सरकारी सवलत झाली.

स्वराज्यातही येथे सरकार दिसे ते बहुधा जंगलखात्याच्या रूपाने. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला काम सुरू केले, तेव्हा साध्या औषधपाण्याचीही वानवा होती. १९८० मध्ये आंध्रातून नक्षलवादी आले. त्यांचे ऐकले का गेले? तेंदूपत्त्याच्या पुडक्याचा दर, बांबूतोडीची मजुरी आणि वेठबिगार, हे प्रश्न त्यांनी हाती घेतले म्हणून. मजुराच्या रास्त गाऱ्हाण्याला सनदशीर वाट मिळाली नाही, की ते बंदुकीच्या आश्रयाला जाते, हे कामगार चळवळीने शिकवलेले आहे. पण बंदूक आश्रयाची किंमत वसूल करते : खबरी ठरवून आदिवासीच मारले गेले, ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस पडले.

जगातही हेच चालले होते. १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने सांगितले, की सुरक्षा सीमेची नव्हे, माणसाची मोजावी. २००१ नंतर मात्र दुर्बळ राष्ट्रे म्हणजे बलाढ्यांना धोका, ही दृष्टी प्रबळ झाली. अफगाणिस्तानात वीस वर्षे फौज उभारली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल काही दिवसांत पडले.

आपल्याकडेही दोन्ही धोरणे शेजारी नांदली. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक निघाले. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. पहिल्याची अंमलबजावणी तडफेने झाली, दुसऱ्याची रडतखडत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. बंड सरले म्हणून प्रश्न सरला, असे मानण्याची चूक १८५८ मध्ये एकदा झाली आहे. तेंदूपत्त्याचा दर ग्रामसभा ठरवील आणि तो मजुराच्या हाती पडेल, तेव्हाच बंदोबस्त झाला म्हणावे.