दोरीवर मधली जागा तुमची

मोबाइल इथेच ठेवा. पॉवर बँक, हलके बूट, पावसाळी जॅकेट, सगळंच. त्याऐवजी हा जाड लोकरी कोट अंगात घाला. मानेला टोचेल, पण दोन दिवसांनी हाच कोट जीव की प्राण होईल. आता बूट चढवा. जड आहेत ना? तळव्यांना लोखंडी खिळे ठोकलेत. चार पावलं टाका, दगडी ओट्यावर कसा खणखणाट होतो ऐका.

साल 1885, जुलै महिना. तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये, एगिसहॉर्नच्या उतारावर हॉटेल युंगफ्राऊच्या दारात उभे आहात. खालच्या फीश गावाहून खेचरं सामान घेऊन नुकतीच वर आलीत. लीद, कॉफी, पाइपचा तंबाखू आणि बुटांना चोळलेली चरबी यांचा मिळून एकच वास नाकात शिरतो. घोळदार झग्यातल्या दोन इंग्रज बायका हातातल्या लांब काठ्यांची टोकं तपासताहेत. खेचरवाले जर्मनमध्ये ओरडताहेत, स्वयंपाकघरात भांडी आपटताहेत.

तुमचा वाटाड्या मात्र शांत आहे. शेजारच्या फीशरटालचा शेतकरी आहे तो. गवतकापणी भावावर सोपवून उन्हाळाभर पाहुण्यांना बर्फावर नेतो. कोटाच्या आतल्या खिशात त्याची एक वही असते. प्रवास संपला की पाहुणे तिच्यात त्याच्याबद्दल चार शब्द लिहितात, आणि पुढचा पाहुणा ते वाचून त्याला कामावर घेतो. त्याची सगळी पत त्या वहीत आहे. खांद्यावर दोरीचं वेटोळं आहे. बोटांनी चाचपून बघा, मनिला दोरीच्या पिळात एक लाल लोकरी धागा दिसेल. इंग्लंडच्या अल्पाइन क्लबने मान्य केलेल्या दोरीची ती खूण. कुठल्याशा पाहुण्याने भेट दिलेली ही दोरी तो लेकरासारखी जपतो.

डोंगराला वळसा घातला की मेर्येलेनचं तळं लागतं. त्याच्या एका बाजूला बांध नाही, थेट हिमनदीची निळी भिंत आहे. भिंतीचे तुकडे सुटून पाण्यात तरंगताहेत. त्या भिंतीपलीकडे पसरलीय 'आलेच', आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी. पहिलं पाऊल टाका. खिळे करकरतात आणि बर्फ पावलाला धरून ठेवतो.

नदी गोठलेली असली तरी गप्प नसते. दुपारचं ऊन चढलं की पृष्ठभागावर शेकडो ओहोळ धावू लागतात आणि बर्फातल्या खोल विहिरींमध्ये घोंघावत कोसळतात. इथली माणसं अशा विहिरीला चक्की म्हणतात. जरा कान देऊन ऐका, खरंच खाली कुणी दळण घातलंय असं वाटतं. मोठाल्या शिळांच्या सावलीतला बर्फ टिकला आणि भोवतालचा वितळला, म्हणून त्या बर्फाच्या खांबांवर टेबलासारख्या उभ्या आहेत. वरून ऊन, खालून उन्हाची तिरीप. काळा चष्मा काढू नका, तोंडावरचा जाळीचा पडदाही राहू द्या. तरी नाकाचं कातडं सोलणारच. पायाला गारठा आणि पाठीवर घामाची धार, दोन्ही एकाच वेळी.

संध्याकाळी कोंकोर्डिया येतं. चहूकडून बर्फाचे प्रवाह इथे येऊन एकमेकांत मिसळतात. शहरातल्या चौकासारखी ही जागा, फक्त पांढरी आणि निर्मनुष्य. काठाच्या खडकावर, बर्फापासून जेमतेम पन्नास मीटर उंचीवर, एक झोपडी दिसते. ती आठ वर्षांपूर्वी झाली. त्याआधी लोक फाउलबर्गच्या कपारीत कुडकुडत रात्र काढायचे.

आत वाकून शिरा. खालून पाठीवर वाहून आणलेली लाकडं शेगडीत धुमसताहेत आणि डोळे चुरचुरताहेत. ओले मोजे दोरीवर वाळताहेत आणि त्यांचा वास सुपात उतरलाय. गवताच्या गाद्यांवर दाटीवाटीने आठ-दहा माणसं झोपणार, कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून. वाटाड्या राईची भाकरी सुरीने चिरतो. त्यांच्या गावात सामाईक भट्टी वर्षातून मोजक्याच वेळा पेटते, म्हणून ही भाकरी अगदी लाकूड झालेली आहे. गरम वाइनमध्ये बुडवा, चीजचा तुकडा तोंडात टाका, आणि सावकाश चावा. दिवसभर चाललेल्या माणसालाच ही चव कळते.

पहाटे दोनला खांदा हलतो. मेणबत्तीचा कंदील, गोठलेले बूट, कमरेला दोरी. पुढे वाटाड्या, मागे सामान वाहणारा हमाल, मधली जागा तुमची. ओहोळ रात्रीतून गोठून गप्प झालेत. ऐकू येतो तो फक्त पावलांचा चुरचुराट आणि आपला श्वास. ताज्या बर्फाखाली भेगा लपलेल्या आहेत. वाटाड्या काठी खुपसतो, थांबतो, पुन्हा खुपसतो. "लांगसाम," तो म्हणतो, सावकाश. अचानक तुमचा डावा पाय मांडीपर्यंत खाली जातो. पायाखाली काहीच नाही, फक्त गार हवा. त्याच क्षणी दोरी कमरेत करकचते. तो मागे वळत नाही, ओरडत नाही. दोरी ताणून, पाय रोवून उभा राहतो, तुम्ही वर येईपर्यंत.

उजाडता उजाडता ग्र्युनहॉर्नल्युकेची खिंड लागते, उंची 3,280 मीटर. समोर फिन्स्टरआरहॉर्नचं टोक गुलाबी होतं. मग फीशर हिमनदीवर उतार, पुन्हा चढ, आणि रात्री ओबरआरयोखची झोपडी. ती तर दोनच वर्षांची आहे.

तिसऱ्या दिवशी ओबरआर हिमनदीवरून उतरताना तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतो. त्याच्या गावात दरवर्षी मिरवणूक निघते. पूर्वजांनी कधी काळी नवस बोलला होता, तो अजून पाळतात. हिमनदी वाढून कुरणांवर येऊ नये, वरचं तळं फुटून गाव बुडू नये, म्हणून प्रार्थना करतात. "बर्फ मागे जावा," एवढंच मागणं.

ग्रिम्सेलच्या धर्मशाळेत वाफाळतं सूप समोर येतं. तो हिशेबाचे फ्रँक मोजून घेतो आणि वही पुढे करतो. लिहा.

तुम्हाला ठाऊक आहे की बर्फ मागे जाणार आहे. कोंकोर्डियाच्या झोपडीखालून तो इतका खचेल, की तुमच्या काळातल्या ट्रेकरला तिथवर चारशेच्या वर लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतील. याच खोऱ्यातले लोक व्हॅटिकनकडे परवानगी मागतील आणि प्रार्थना उलटी करतील: बर्फ राहू दे.

त्याला हे सांगू नका. उद्या त्याला गवत कापायचंय. वहीत खरं तेवढंच लिहा: याने दोरी सैल पडू दिली नाही.