‘असूड’ला छापखाना मिळाला नाही तेव्हा

इंग्रजी ग्रंथव्यवहारात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये एक व्यावसायिक मध्यस्थ असतो. त्याला तिकडे लिटररी एजंट म्हणतात. मराठीत हा माणूस कधी रुजलाच नाही. त्यामुळे मराठी लेखक आपले हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाच्या दारात उभा राहतो, अशी आपली समजूत असते. परंतु एकोणिसाव्या शतकातील ग्रंथव्यवहार तपासला तर ही समजूत फारशी टिकत नाही. बक्षीस देणारी कमिटी, वृत्तपत्राचा संपादक, आश्रय देणारा संस्थानिक अशी मध्यस्थांची एक साखळी तेव्हाही होती. कोणते पुस्तक छापले जाईल आणि कोणते पेटीत राहील, हे ती साखळी ठरवीत असे. जोतीराव फुले यांना यांतील प्रत्येकाचा अनुभव आला. त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची कहाणी आमच्या जुन्नर-ओतूर भागाशी जोडलेली आहे, आणि आजही पहिले वैचारिक पुस्तक हाती घेऊन बसलेल्या माणसाला ती बरेच काही सांगते.

प्रथम कमिटीचा अनुभव पाहू. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. कंपनी सरकारने ती रक्कम पुढे चालू ठेवली. १८४९ साली लोकहितवादी गोपाळराव देशमुख आदींनी अर्ज केला की या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी खर्च व्हावा. त्यातून १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटीचा उपक्रम उभा राहिला. मराठी गद्यावर या कमिटीचे उपकार आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उपकार करणारी संस्था आपोआपच निवड करणारी संस्थाही बनते. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून कमिटीकडे दिले. ते नाकारले गेले, आणि त्यामागे कमिटीतील ब्राह्मण सभासदांचा विरोध होता, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केले. ते नाटक छापील रूपात वाचकांसमोर आले १९७९ साली. एका नकाराची किंमत सव्वाशे वर्षे!

दुसरा मार्ग स्वतःच्या पदरमोडीचा. ‘गुलामगिरी’ हा फुल्यांचा पहिला मोठा वैचारिक गद्यग्रंथ १८७३ साली पुण्याच्या पुना सिटी प्रेसमध्ये छापला गेला, तो त्यांनी स्वतः प्रसिद्ध केला म्हणून. फुले कंत्राटदारीचा व्यवसाय करीत असत आणि हाती थोडा पैसा होता, ही गोष्ट चरित्रकार सहसा ओघात सांगून जातात. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने ती कळीची आहे. ज्याला कमिटीचा आधार नाही, त्याचा आधार त्याचा धंदा होतो. पुस्तकाची किंमत बारा आणे ठेवली होती आणि गरीब शूद्रातिशूद्रांसाठी सहा आणे. आपला वाचक कोण आणि त्याच्या खिशात किती पैसे आहेत, याचा विचार लेखकाने स्वतःच केलेला येथे दिसतो. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. म्हणजे पुस्तक आणि त्या पुस्तकाचा वाचकवर्ग जवळजवळ बरोबरच जन्मास आले.

पदरमोडीचा हा मार्ग एकट्या फुल्यांचा नव्हता. वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे हे पहिले आणि शेवटचे पुस्तक. त्याच्यावर झालेल्या टीकेला फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात उत्तर दिले, तरीही पुढे ते विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. छापले जाणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पुस्तकावरून नीट कळते.

आता ‘असूड’कडे वळू. १८८३ च्या जुलैमध्ये फुल्यांनी या ग्रंथाचा उपोद्घात लिहून पुरा केला. ग्रंथाचे पाच भाग आहेत. जन्मापासून मरणापर्यंत धर्माच्या नावाने शेतकरी कसा नाडला जातो, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामामुळे कारभार खालच्या ब्राह्मण कामगारांच्या हाती कसा जातो, शेतकऱ्याची पूर्वपीठिका काय, त्याची सध्याची दैन्यावस्था कशी आहे आणि तीवर उपाय कोणते, असा त्याचा क्रम आहे. शेवटच्या भागात बंधारे, तलाव, जनावरांची निपज, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांविषयी नेमक्या सूचना आहेत. मराठीतील शेतीविषयक विचाराचा हा पायाभूत ग्रंथ आहे.

उपोद्घातात फुल्यांनी एक माहिती दिली आहे, तिच्याकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. या ग्रंथाचे भाग त्यांनी ठिकठिकाणच्या सभांत वाचून दाखवले होते. त्या गावांच्या यादीत मुंबई, पुणे, ठाणे आहेत, हडपसर आहे आणि जुन्नर व ओतूरही आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो ऐकून द्रव्यसाहाय्य केले, याचाही कृतज्ञ उल्लेख तेथेच आहे. म्हणजे ग्रंथाला प्रकाशक मिळण्याआधी श्रोते मिळाले होते, आणि त्यांत एका बाजूला महाराज तर दुसऱ्या बाजूला ओतूरचे शेतकरी होते.

ही दोन गावे यादीत योगायोगाने आलेली नाहीत. या भागात सत्यशोधक विचार खोलवर रुजला होता. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी भटजीवाचून लग्नकार्य केले, तेव्हा ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जुन्नर भागातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या विरोधात केलेल्या संपाशीही फुल्यांचे नाव जोडलेले आहे. अशा श्रोत्यांसमोर ‘असूड’ वाचला गेला. आमच्या मते ग्रंथाच्या भाषेवर या वाचनांची खूण स्पष्ट आहे. लांबच लांब वाक्ये, तपशिलांच्या माळा, घरातील भांड्याकुंड्यांपर्यंत जाणारे वर्णन, मध्येच श्रोत्याला केलेला सवाल, हे सारे कानाने ऐकावयाच्या गद्याचे गुण आहेत. डोळ्यांनी वाचणाऱ्या समीक्षकाला ते पाल्हाळ वाटतात. मोठ्याने वाचून पाहिले की त्यांची लय सापडते.

परंतु छपाईच्या वेळी अडचण आली, आणि ती आली स्वकीयांकडून. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचे पत्र १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवीत होते. त्यांनी ‘असूड’चे सुरुवातीचे भाग छापले आणि पुढचे छापण्याचे नाकारले. फुले संतापले. आपल्यातलेच छापखानेवाले भित्रे निघाले, म्हणून ग्रंथ बाजूला ठेवावा लागला, अशा आशयाची टीका त्यांनी केली.

या वादात लोखंड्यांना भेकड ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा १८८२ साली रद्द झाला असला तरी राजद्रोहाचे कलम १८७० पासून दंडविधानात होतेच, आणि ‘असूड’मध्ये सरकारवर थेट प्रहार होते. लेखक जोखीम घेतो ती एका पुस्तकापुरती. पत्र चालवणारा माणूस दर आठवड्याचा अंक, छापखाना आणि वर्गणीदार हे सारेच पणाला लावतो. याच लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. हा माणूस भित्रा नव्हता. त्याचा हिशेब वेगळा होता. लेखकाचे धैर्य आणि प्रकाशकाचे धैर्य यांची मापे एक नसतात. नाकारल्या गेलेल्या प्रत्येक लेखकाने हे ध्यानी घ्यावे. मात्र हेही खरे की त्या हिशेबाची किंमत ग्रंथानेच मोजली. संपूर्ण ‘असूड’ फुल्यांच्या हयातीत छापून निघाला नाही. १८८५ साली त्यांनी ‘सत्सार’ आणि ‘इशारा’ ही छोटी पुस्तके काढली. शेतकऱ्यांची स्थिती सुधारली आहे, या न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रतिपादनाला ‘इशारा’त उत्तर आहे. मोठा ग्रंथ अडला, तेव्हा त्यातील विचाराने लहान पुस्तकाची वाट धरली. पुढे धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले समग्र वाङ्मय १९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढले, आणि सरकारवर असूड उगारणारा ग्रंथ सरकारी मंडळाच्याच खर्चाने घरोघरी गेला.

लोखंडे आणि फुले यांच्या वादाला सत्यशोधकांच्या पुढच्या पिढीने आपल्या परीने उत्तर दिले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवले आणि ते नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षे काढले. शहरातला छापखाना भितो, तर छापखानाच खेड्यात न्यावा, असा तो विचार होता.

आज जुन्नर-आंबेगाव परिसरात लेणी, नाणेघाट, आदिवासींच्या बोली, डिंभे धरणाचे विस्थापन अशा विषयांवर लिहिणारे अनेकजण आहेत. त्यांच्यासमोरील साखळी आता निराळी आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीला गुणांकनाची जोड दिल्यापासून आयएसबीएन क्रमांकासाठी लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तके छापण्याचा धंदा बोकाळला. आमच्या एका सहकाऱ्याने आपला प्रबंध असाच छापून घेतला. प्रती घरी आल्या, क्रमांक मिळाला, गुण मिळाले, वाचक मात्र आला नाही. फुल्यांनीही पदरचे पैसे घातले होते, मग यात फरक तो काय, असे कोणी विचारील. फरक असा की बारा आणे आणि सहा आणे अशी दुहेरी किंमत ठरवणाऱ्या लेखकाच्या डोळ्यांसमोर वाचक उभा होता. आमच्या सहकाऱ्यासमोर केवळ तपासणी समिती होती.

म्हणून पहिल्या पुस्तकाचे हस्तलिखित घेऊन जो कोणी सल्ला मागतो, त्याला आम्ही प्रकाशकांची यादी देतोच. कोणत्या प्रकाशनाने या विषयावर पूर्वी काय काढले आहे ते पाहा, एखादे प्रकरण नियतकालिकाकडे पाठवा, हेही सांगतो. पण त्याआधी एक काम सुचवतो. ज्यांच्याविषयी लिहिले आहे, त्यांना एक प्रकरण वाचून दाखवा. डिंभ्यावर लिहिले असेल तर धरणाने उठवलेल्या माणसांसमोर बसून वाचा. ते कुठे माना डोलावतात, कुठे अडवतात, कुठे उठून जातात, हे पाहा. इतकी कठोर आणि इतकी उपयोगी संपादकीय वाचणी कोणत्याही प्रकाशनगृहात होत नाही. ‘असूड’ला छापखान्याने नाकारले तेव्हाही तो ओतूरच्या सभेत पोहोचलेला होता, आणि त्या श्रोत्यांची मान्यता परत घेण्याचा अधिकार कोणत्याच संपादकाकडे नव्हता.