पांढऱ्या देवांचा निळा पट्टा

भारतातून आई-बाबा, सासू-सासरे, नाहीतर मावशी-काका लंडनला आले की त्यांना जिथे हमखास नेलं जातं त्या ठिकाणांत ब्रिटिश म्युझियम असतंच. तिकीट नाही, पावसाची धास्ती नाही, आणि मुलांना ममी दाखवायच्या असतात. ममी पाहून पाय दुखायला लागले की मंडळी अठरा नंबरच्या लांबलचक दालनात येऊन टेकतात. तिथे अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरची शिल्पं मांडलेली आहेत. सगळी पांढुरकी, शांत. मग कुणीतरी म्हणतंच, ‘‘बघा, या ग्रीक लोकांची अभिरुची किती सोज्वळ! नाहीतर आपली देवळं, डोळे दिपवणारे भडक रंग!’’

या वाक्याला उत्तर द्यावं म्हणून हा लेख. कारण ज्यांनी ही शिल्पं घडवली, त्यांनी ती पांढरी ठेवलीच नव्हती.

पार्थेनॉन बांधलं गेलं इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात. लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावरची शिल्पं उतरवली आणि १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती पस्तीस हजार पौंडांना विकत घेतली. (ती परत द्यावीत की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. तो आपल्या घरातसुद्धा जेवणाच्या टेबलावर सहज पेटतो!) तोपर्यंत युरोपात पांढऱ्या संगमरवराची मोहिनी पक्की बसलेली होती. १७६४ साली विंकेलमन या जर्मन पंडिताचा प्राचीन कलेवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि शुभ्र ग्रीक मूर्ती म्हणजे सौंदर्याचा कळस, ही समजूत सुशिक्षितांच्या मनात घट्ट रुजली. गंमत म्हणजे हे गृहस्थ आयुष्यात कधी ग्रीसला गेलेच नाहीत. जुन्या काळात रंगकामाला मात्र मोठा मान होता. प्राक्सिटेलीस या नामवंत शिल्पकाराला त्याची आवडती शिल्पं विचारली, तेव्हा निकियास या चित्रकाराने ज्यांवर हात फिरवला ती, असं तो म्हणाल्याची गोष्ट रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे.

पण गोष्टी सांगून कोण ऐकतो? पुरावा हवा. इथे आपल्या कथेत रसायनशास्त्र येतं, आणि तेसुद्धा कुणाच्या हातून? मायकेल फॅरेडेच्या! शाळेत आपण ज्याला विजेच्या धड्यात भेटलो तोच. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला हा तरुण १८१३ साली हम्फ्री डेव्हीचा मदतनीस म्हणून युरोपच्या प्रवासाला निघाला. त्या प्रवासात डेव्हीने रोममधल्या आणि पॉम्पेईच्या भिंतींवरचे रंग तपासले. त्यातला एक निळा रंग त्याला फार आवडलेला दिसतो, कारण नुसतं पृथक्करण करून तो थांबला नाही. सोडा, गारगोटीची पूड आणि तांब्याचा कीस दोन तास भट्टीत तापवून त्याने तोच रंग पुन्हा बनवून दाखवला आणि १८१५ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

हाच तो ‘इजिप्शियन ब्लू’. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये माणसाने बनवलेला रंग. खाणीतून काढलेला नव्हे, भट्टीत तयार केलेला. वाळू, चुना, तांबं आणि थोडा खार एकत्र करून नऊशे अंशांच्या आसपास तापवायचं, मग कुटून पूड करायची.

पुढे १८३६ साली लंडनच्या वास्तुविशारदांनी एल्गिनच्या शिल्पांवर रंग होता का, हे ठरवायला समिती नेमली. त्या शिल्पांवर समितीला काही सापडलं नाही. का, याचं कारण अहवालातच आहे, आणि ते वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो. प्लास्टरचे साचे काढण्यासाठी शिल्पांना साबण फासलेला होता आणि तो निघावा म्हणून ती जालीम द्रावणांनी धुतली होती. म्हणजे आधी घासून पुसायचं आणि मग डाग शोधायचे! पण अथेन्सच्या इमारतींवरून खरवडून आणलेले काही कण फॅरेडेकडे पाठवले होते. त्याचं उत्तर १८३७ साली आलं: निळा रंग म्हणजे तांब्याने रंगलेली काचेसारखी भुकटी, आणि सोबत मेण. डेव्हीच्या भट्टीतला तोच जुना ओळखीचा.

एवढं झाल्यावर तरी प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण हा प्रश्न पुराव्यापेक्षा आवडीचा होता. १९३० च्या दशकात लॉर्ड डुवीन या श्रीमंत कलाव्यापाऱ्याने शिल्पांसाठी नवं दालन बांधून द्यायचं ठरवलं. ती जितकी पांढरी दिसतील तितकी त्याला हवी होती. १९३७-३८ मध्ये कामगारांनी तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम घेऊन ती घासली. अक्षरशः वरची कातडी सोलावी तशी! सूर्यदेव हेलिओस, चंद्रदेवी सेलीनीच्या घोड्याचं डोकं आणि देवांची दूती आयरिस यांना त्याचा फटका बसला. सप्टेंबर १९३८ मध्ये म्युझियमच्या वरिष्ठांच्या लक्षात आलं आणि काम थांबलं. ज्या थरात रंगाचे कण टिकण्याची शक्यता होती, नेमका तोच थर गेला.

माझ्या मते या सगळ्यात दोष कामगारांचा सर्वांत कमी. पांढरं म्हणजे स्वच्छ, पांढरं म्हणजे अस्सल, असं ज्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं त्यांनीच ती हत्यारं त्यांच्या हाती दिली.

आता नवी तपासणी कशी होते ते पाहू, कारण यात शिल्पाला हातसुद्धा लावावा लागत नाही. क्ष-किरण सोडले की त्या जागी कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं. पारा सापडला तर हिंगूळ, शिसं सापडलं तर सफेदा किंवा शेंदूर, लोह सापडलं तर गेरू किंवा पिवळी माती, तांबं सापडलं तर निळा किंवा हिरवा. इजिप्शियन ब्लूची तर आणखी एक खोड आहे. त्याच्यावर लाल प्रकाश टाकला की तो डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण बाहेर टाकतो. खास कॅमेऱ्यात तो काळोखातल्या चांदणीसारखा चमकतो. साध्या नजरेला न दिसणारा एखादा कणसुद्धा लपून राहत नाही.

हा कॅमेरा घेऊन जोव्हानी वेरी या शास्त्रज्ञाने ब्रिटिश म्युझियममधल्या शिल्पांची पाहणी केली आणि २००९ साली निळा सापडल्याचं जाहीर झालं. समुद्रातून वर येणाऱ्या हेलिओसभोवतीच्या लाटांवर, एका देवीच्या मांडीवरच्या वस्त्रावर, आणि आयरिसच्या कमरपट्ट्यावर. होय, त्याच आयरिसच्या! २०२३ साली वेरी आणि सहकाऱ्यांनी सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध केले. मंदिराच्या दर्शनी त्रिकोणांतल्या अकरा आणि लांब पट्टीतल्या एका मूर्तीवर निळ्याचे कण, शिवाय पांढरा आणि एक जांभळा. वस्त्रांवर फुलांची आणि मानवी आकृत्यांची नक्षी असावी असेही माग मिळाले. नुसते रंग फासलेले नव्हते, पैठणीच्या पदरासारखं काम होतं म्हणा ना!

एक सावधगिरी मात्र हवी. म्युनिकमध्ये २००३ साली रंगवलेल्या प्रतिकृतींचं प्रदर्शन सुरू झालं आणि पुढे ते देशोदेशी फिरलं. त्यातल्या काही मूर्ती जत्रेतल्या खेळण्यांसारख्या दिसतात. रसायनशास्त्र द्रव्य कोणतं ते सांगतं, पण चित्रकाराने वर किती पातळ छटा दिली, कुठे सावली धरली, हे टिकलेल्या चार कणांवरून कळत नाही. वनस्पतींचे रंग तर केव्हाच उडून जातात.

आणि आपल्याकडे? वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकातलं. त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि त्यावर रंगकाम. लोक त्याला रंगमहाल म्हणायचे ते उगाच नाही. आज आपण काळा पाषाण पाहून ‘काय गांभीर्य!’ म्हणतो. पुढच्या सुट्टीत वेरूळला गेलात तर ओसऱ्यांच्या छतांकडे मान वर करून जरूर पाहा. गिलाव्याचे तुकडे आणि त्यांवरचे रंग अजून शिल्लक आहेत.