वाफ, आगगाडी आणि दम

“उगाच तोंडाची वाफ दवडू नकोस,” हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. संस्कृत ‘बाष्प’ या शब्दापासून मराठीत ‘वाफ’ आली आणि उर्दूत ‘भाप’. दोघी सख्ख्या बहिणीच!

आपण भाताला वाफ आणतो, सर्दी झाली की वाफारा घेतो, बिर्याणीला दम देतो. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. मराठीत मात्र ‘दम धरणे’ म्हणजे सबुरी ठेवणे.

झाकणाखालच्या याच वाफेने जग बदलले. पाण्याची वाफ होताना ती सुमारे सोळाशे पट फुगते व थंड होताच आकसते. या गुणावर १७१२ साली न्यूकोमेनने खाणीतले पाणी उपसणारे इंजिन चालविले. जेम्स वॉटने वाफ थंड करण्याचे पात्र वेगळे करून कोळशाची मोठी बचत केली. त्याचे पेटंट १७६९ चे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. साहिब, सिंध व सुलतान ही तिची तीन इंजिने. लोक तिला ‘आगगाडी’ म्हणू लागले आणि समुद्रावरच्या जहाजाला ‘आगबोट’. डोळ्यांना आग दिसली. आत कोंडून काम करणारी वाफ दिसली नाही.

शिक्षणाचेही तसेच आहे. ते आत चालते, लगेच दिसत नाही. पालकहो, सातवीनंतर मुलीला घरी बसविणे म्हणजे दम लागण्याआधीच हंडीचे झाकण उघडणे. वाफ जाते, तांदूळ कच्चा राहतो. निदान दहावीपर्यंत तरी दम धरा!