मयूर कक्ष

मयूर कक्ष, अर्थात पीकॉक रूम, हे लंडनमधील एका घरासाठी १८७६-७७ मध्ये रंगविण्यात आलेले भोजनगृह असून ते सध्या अमेरिकेतील वॉशिंग्टन, डी.सी. येथील फ्रीअर कलासंग्रहालयात आहे. अमेरिकन चित्रकार जेम्स मॅकनील व्हिसलर यांनी ते गडद निळा-हिरवा व सोनेरी या रंगांत रंगविले. कलाकृतीचे पूर्ण शीर्षक ‘हार्मनी इन ब्लू अँड गोल्ड: द पीकॉक रूम’ असे आहे. राहत्या घराच्या अंतर्गत सजावटीतील गडद रंगांच्या वापराचे हे एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

लिव्हरपूलचे जहाजमालक फ्रेडरिक लेलँड यांचे लंडनमधील घर ४९, प्रिन्सेस गेट येथे होते. त्यांच्याकडील निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचा संग्रह मांडण्यासाठी वास्तुविशारद टॉमस जेकिल यांनी भोजनगृहाची रचना केली. भिंतींवर फुलांची नक्षी असलेले मौल्यवान सोनेरी चामडे लावून त्यापुढे अक्रोडाच्या लाकडाची फडताळे उभारण्यात आली. शेकोटीच्या वर व्हिसलर यांचे ‘द प्रिन्सेस फ्रॉम द लँड ऑफ पोर्सिलेन’ हे चित्र होते. चामड्यावरील तांबडी फुले या चित्राच्या रंगांशी विसंगत आहेत, असे व्हिसलर यांचे मत होते. किरकोळ बदल करण्यास लेलँड यांनी संमती दिली.

रंगकाम आणि वाद

१८७६ मध्ये जेकिल आजारी पडले. लेलँडही लिव्हरपूलला असल्याने काम व्हिसलर यांच्या हाती राहिले. त्यांनी छतावर सोनेरी वर्ख लावून मोरपिसांची नक्षी काढली, फडताळांना सोनेरी मुलामा दिला आणि खिडक्यांच्या झडपांवर मोर रंगविले. या कामासाठी त्यांनी २,००० गिनींची मागणी केली. लेलँड यांनी त्याच्या निम्मी रक्कम देण्याचे मान्य केले, मात्र ती गिनींऐवजी पौंडांत दिली. गिनी २१ शिलिंगांची, तर पौंड २० शिलिंगांचा होता. कलावंतांचे मानधन गिनींत आणि कारागिरांची मजुरी पौंडांत मोजण्याची प्रथा असल्याने व्हिसलर यांना हा अपमान वाटला.

त्यानंतर त्यांनी संपूर्ण चामड्यावर प्रशियन निळा रंग दिला आणि आपल्या चित्रासमोरील भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले. त्यांपैकी एकाच्या पायाशी नाणी पडलेली आहेत. हा मोर लेलँड यांचे, तर दुसरा चित्रकाराचे प्रतीक मानला जातो. १८७९ मध्ये व्हिसलर दिवाळखोर झाले, तेव्हा त्यांच्या धनकोंमध्ये लेलँडही होते. वाद होऊनही लेलँड यांनी १८९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत भोजनगृहाची सजावट कायम ठेवली.

रंगांचे कार्य

गडद पृष्ठभाग त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा बराचसा भाग शोषून घेतो. त्यामुळे भिंतींच्या कडा कमी जाणवतात व त्यांच्यापुढील फिकट किंवा चकाकणाऱ्या वस्तू उठून दिसतात. येथे निळ्या पार्श्वभूमीमुळे पांढरी भांडी ठळक होतात, तर छत आणि फडताळे यांवरील सोनेरी रंग दिव्यांचा प्रकाश परावर्तित करतो. झडपांवरील मोर झडपा मिटल्यावरच पूर्ण दिसतात. म्हणजेच दिवसाचा प्रकाश बंद झाल्यावर सजावट पूर्णत्वास जाते. केवळ गडद रंगाने काळोखी वाटू शकली असती अशी ही खोली सोनेरी रंग, फिकट वस्तू आणि दिव्यांची योजना यांच्यामुळे उजळते.

स्थलांतर

१९०४ मध्ये अमेरिकन उद्योगपती चार्ल्स लँग फ्रीअर यांनी ही सजावट विकत घेतली. ती सुटी करून जहाजाने अमेरिकेस नेण्यात आली व डेट्रॉइट येथील त्यांच्या घरी पुन्हा उभारण्यात आली. फडताळांवर फ्रीअर यांनी आशियातील विविध प्रदेशांतून जमविलेली, निरनिराळ्या रंगांची मातीची भांडी मांडली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर कक्ष वॉशिंग्टनला हलविण्यात आला आणि १९२३ मध्ये संग्रहालयाबरोबर तो जनतेसाठी खुला झाला.