मद्य, मांस, मध वर्ज्य करणारे वैद्यक



आपल्या अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली धवला टीकेचा पहिला भाग अमरावतीहून प्रकाशित केला, हे बऱ्याच जणींना ठाऊक असेल. पुढच्याच वर्षी, १९४० साली, सोलापूरहून आणखी एक जुना जैन ग्रंथ छापून निघाला. तो होता उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’. पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी तो हिंदी अनुवादासह संपादित केला.

हा वैद्यकाचा ग्रंथ आहे. बारा अंगांतल्या ‘प्राणावाय’ पूर्वाशी आपले नाते तो सांगतो. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या सभेत आचार्यांनी औषधातही मांस निरर्थक आहे, असे प्रतिपादन केले. त्यांच्या औषधांत मांस नाही, मद्य नाही, मधही नाही. वनस्पती आणि खनिजे यांवरच सारी चिकित्सा.

आज यकृताचे डॉक्टर पहिले पथ्य सांगतात ते दारू बंद करण्याचे. आपल्या घरांत ते व्रत म्हणून आधीपासूनच पाळले जाते. आसव-अरिष्टांत आंबवल्यामुळे मद्यार्क तयार होतो, म्हणून बाटली घेताना लेबल वाचावे.

पण वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक, असा अर्थ यातून काढू नये. हळदीतले कुर्क्युमिन, भुईआवळीतली द्रव्ये प्रयोगशाळेत पेशींची झीज रोखताना दिसतात. तेवढ्यावरून घरचा काढा काविळीवर रामबाण ठरत नाही.

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हा अहवाल छापून आला. आयुष मंत्रालयाने तो मान्य केला नाही. गुळवेल सुरक्षित आहे, तशीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असे त्यांचे म्हणणे. वाद कोणीही जिंको, आपल्याला धडा एकच : वेल ओळखणे आणि मात्रा ठरवणे हे जाणकाराचे काम आहे.

आचार्यांनीही ‘झाडपाला आहे, घ्या’ असे सांगितले नाही. रोग, रोगी, ऋतू पाहून औषध देण्याचे पूर्ण शास्त्र लिहिले. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर आधी रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा आणि घरात चालू असलेला प्रत्येक काढा त्यांना सांगा. स्वतःच्या देहाची हिंसा टाळणे हीसुद्धा अहिंसाच आहे.